वरातीची घोडी

सरकारी डॉक्टरांना फोन मी केला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं सांगताना कुठे ना कुठे मला त्यातून अंग काढून घ्यावंसं वाटेल.

ती जागा म्हणजे ह्यांची हौस. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ह्यांनी उभा जन्म काढला, त्यातला निम्मा रात्रपाळीत. मी त्याच पट्ट्यात रंगाच्या एका कारखान्यात लॅबमध्ये होते. घर बदलापूरला बेलवलीत, दुसऱ्या मजल्यावर. मुलगी शिकून बंगळूरला गेली ती तिकडचीच झाली. ह्यांच्या निवृत्तीला चार-पाच वर्षं असताना जांभूळ गावाच्या पुढे, आतल्या रस्त्याला, आम्ही दीड एकर घेतलं. कंपनीतल्या दोघातिघांनी तिथंच आसपास जागा घेतल्या होत्या. त्यांचं आपलं रविवारी यायचं, चुलीवर कोंबडी करायची, संध्याकाळी परत. आम्हीही आंब्याची कलमं लावली, चिकू लावले, दोन खोल्या बांधल्या, मागे पत्र्याची शेड काढली. जनावरांचा विषयसुद्धा नव्हता.

पहिला आला तो तीन पायांचा कुत्रा. बारवी धरणाच्या रस्त्यावर डंपरखाली त्याचा चौथा पाय गेला होता. हे त्याला डिकीत घालून घेऊन आले, माझी चांगली चादर त्याच्याखाली. "बरा झाला की सोडू," म्हणाले. तो बरा झाला आणि राहिला. मग एक आंधळी कुत्री आली. मग लोकांना कळलं. सोसायट्यांमधली माणसं गाडी घेऊन यायची, गेटपाशी खोका ठेवायची आणि हॉर्नसुद्धा न देता वळून जायची. एकदा एका कुत्रीला तिथं बांधून गेले. गळ्यात नवा कोरा पट्टा, शेजारी पिशवीत तिचं ताट, ब्रश आणि निम्मं संपलेलं खाण्याचं पाकीट. ती आठ दिवस गेटकडे तोंड करून बसली होती. नवव्या दिवशी उठून जेवली, पण कुणाच्या हातून काही घ्यायची नाही ती शेवटपर्यंत.

मला जनावरांचं वेड कधीच नव्हतं. कुत्रा अंगाला घासून गेला की मी साबणाने हात धुवायचे. पण हे निवृत्त झाले, वर्षभराने मी झाले, आणि सात कुत्र्यांना रविवारपुरतं जेवण घालून भागत नाही हे दोघांनाही कळलं. बेलवलीच्या घराला कुलूप लावून आम्ही इकडे राहायला आलो.

मदतीला वरच्या ठाकरवाडीतली एक बाई यायची. माझ्याच वयाची असेल. गवत कापायला म्हणून आली आणि रोजच यायला लागली. तिच्या स्वतःच्या शेळ्या होत्या, कोंबड्या होत्या. ती त्या पाळायची, विकायची, सणाला कापायची. आमचं बघून तिला हसू यायचं. "बाय, तुमची जनावरा दूध देत नाय, अंडा देत नाय, नुसती खातात," म्हणायची, आणि बोलता बोलता आंधळ्या कुत्रीच्या कानातले गोचीड काढत बसायची.

त्या पावसाळ्यात रेडकू सापडलं. म्हशीला रेडी झाली तर तबेल्यात ठेवतात. रेडा झाला तर त्याला दूध कोण पाजणार, म्हणून नेऊन टाकतात कुठे तरी. हे रेडकू रस्त्याच्या कडेला कचऱ्याच्या ढिगाजवळ पडलं होतं, नाळ अजून ओली. ह्यांनी त्याला बाटलीने दूध पाजलं. पहिले चार दिवस ते मरणार असंच मला वाटत होतं, आणि खरं सांगते, मेलं तर बरं असंही वाटत होतं, कारण रेडा मोठा झाल्यावर त्याचं करायचं काय? ते जगलं. गावातल्या माणसांनी चेष्टा केली, साहेबांनी यमाचं वाहन पाळलं म्हणून. हे हसायचे.

घोडी त्याच्यानंतर आली.

हे उल्हासनगरला जुने दरवाजे-खिडक्या बघायला गेले होते. कॅम्प चारच्या मागच्या गल्लीत, फर्निचरच्या गोदामांना लागून, एका खांबाला आखूड दोरीने ती बांधलेली. पांढरी घोडी, शेपटीला आणि आयाळीला गुलाबी रंग लावलेला, अर्धा उडालेला. पुढचा उजवा पाय सुजून दुप्पट झालेला. वरातीची घोडी होती ती. सिंध्यांच्या लग्नात, मारवाड्यांच्या लग्नात, आपल्याही लग्नात, नवऱ्यामुलाला पाठीवर घेऊन बँडच्या पुढे नाचायची. पाय गेल्यावर तिच्या मालकाने तिला वीटभट्टीवाल्याला द्यायचं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांच्याबरोबर गेले ते नाही म्हणायलाच. मालक आमच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असेल. त्याची आणखी एक घोडी होती, तरणी, तीही पांढरी. अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायचा.

"मॅडम, मी काय कसाई नाय. पण दोन जनावरं उभी ठेवायची म्हणजे एकाने कमावलं पाहिजे ना. भट्टीवाला काम करवून घेईल, खायला तर घालेल."

"ह्या पायाने भट्टीवर?" हे म्हणाले.

खिशातून गुळाचा खडा काढून त्याने तिला भरवला.

मी नाही म्हणायला गेले होते. घोडीने गूळ चघळता चघळता मान वळवली आणि तिचा श्वास माझ्या खांद्यावर आला, गरम, ओलसर, गवताच्या वासाचा. मी काहीच म्हटलं नाही. टेम्पोत चढवताना मालकाने ह्यांना बाजूला घेतलं. "साहब, एक बात. डीजे सुनेगी तो नाचेगी. पकडना मत. नाचने देना, नाहीतर दोरी तोडेल."

पाय कधी पूर्ण बरा झाला नाही, पण सूज उतरली. ती लंगडत दीड एकरभर फिरायची आणि ते रेडकू तिच्या मागे. कसं जुळलं कोण जाणे. पहिल्या दिवशी त्याने तिच्या पोटाखाली तोंड घालून दूध शोधलं. तिने त्याला लाथ मारली नाही, नुसती उभी राहिली. पुढे ते तिच्याएवढं झालं, तिच्याहून रुंद झालं, तरी ती दिसेनाशी झाली की हंबरायचं. दुपारी दोघं चिकूच्या सावलीत उभी असायची, हिची शेपटी त्याच्या तोंडावरच्या माश्या हाकलायची.

डीजेचं मालकाने सांगितलं होतं ते खरं होतं. लग्नसराईत आसपासच्या गावांतून हळदीचा आवाज यायला लागला की तिचे कान उभे राहायचे. मग ती जागच्या जागी पाय उचलायला लागायची. एक, दोन, एक, दोन, मान ताठ, तो आजारी पायसुद्धा बरोबर तालात. ना पाठीवर कुणी, ना समोर बँड, आंब्याखाली ही एकटीच नाचतेय. पहिल्यांदा मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी तिला पाय टेकवेना तेव्हा हसू गेलं. त्यानंतर गावात हळद असली की हे तिच्याजवळ जाऊन बसायचे, तिच्या कानात कापूस घालायचे, मानेवरून हात फिरवत काही तरी बोलत राहायचे.

हे बोलणारे नव्हतेच कधी. पस्तीस वर्षं संसार केला, पण कंपनीत काय झालं हे मला दुसऱ्यांकडून कळायचं. आणि घोडीशी मात्र बोलायचे. मी एकदा चहा घेऊन गेले तर ऐकू आलं. कंपनीत एकदा गॅस सुटला होता आणि शेजारचा माणूस ह्यांच्यासमोर पडला, ते तिला सांगत होते. ही गोष्ट मला माहीत नव्हती. मी चहा तिथंच ठेवून परत आले. मला राग आला का? आला. पण चार दिवसांनी वाटलं, चला, कुठे तरी बोलतायत. अडीच वर्षं अशी गेली. आयुष्यातली चांगली वर्षं कोणती असं कुणी विचारलं तर मी हीच सांगेन, आणि तेव्हा मला त्याचा पत्ताही नव्हता.

दिवाळीनंतर ती खाईनाशी झाली. अंगात ताप. एका नाकपुडीतून पिवळट पाणी. बदलापूरहून आमचे नेहमीचे डॉक्टर आले, प्राण्यांचे, खाजगी. सर्दी म्हणून त्यांनी इंजेक्शनं दिली. आठ दिवसांत मागच्या पायावर आतल्या बाजूने गाठी उठल्या, दोरीत मणी ओवावेत तशा एकाखाली एक. त्यातली एक फुटली आणि मधासारखं चिकट काही तरी वाहायला लागलं. डॉक्टर पुन्हा आले, त्या पायाकडे बघितलं आणि दोन पावलं मागे सरकले. हातमोजे घातलेले होते तरी.

"हे ग्लँडर्ससारखं दिसतंय, घोड्यांचा साथीचा रोग," ते ह्यांना म्हणाले. "सरकारी दवाखान्यात कळवा. लगेच. माणसालाही होतो हा."

मी तेव्हा गेटवर होते. ते जाताना मला काही बोलले नाहीत, त्यांना वाटलं साहेब सांगतील. साहेबांनी मला सर्दीच सांगितली.

मला कळलं ते चार दिवसांनी, ठाकरवाडीतल्या बाईकडून. ती कुंपणाबाहेर उभी राहून मला हाका मारत होती, आत येईना.

"बाय, साहेब काल आमच्या वाडीवर आल्ते. घोडीला थोडे दिस तुमच्या खोपटात ठेवा म्हनले. कुनाला सांगू नको म्हनले. काय झालाय तिला?"

"सर्दी आहे."

"सर्दी असती तर खाली शेडमधी बरी झाली असती. वर कशाला आनाची?" ती माझ्याकडे बघत राहिली. "मी नाय म्हनलं. आमच्याकडं लहान पोरा हायेत, बाय."

मी शेडमध्ये गेले. हे घोडीसमोर बसून ओल्या फडक्याने तिचं नाक पुसत होते. हात उघडे. आणि खोकत होते. म्हटलं, "अहो, डॉक्टर खरंच काय म्हणाले?" त्यांनी वळून बघितलं नाही. "चौकशी केलीय मी," म्हणाले. "रिपोर्ट वाईट आला तर ते तिला मारतात. औषध देत नाहीत, द्यायची परवानगीच नाही. मारतात."

"आणि तुम्हाला झालं तर?"

"मला काय होतंय."

मी आत गेले, साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले. मग फोन लावला.

आलेल्या डॉक्टर तरुण होत्या, माझ्या मुलीपेक्षा लहान. पांढरे कपडे, मास्क, गॉगल घालून त्यांनी घोडीच्या मानेतून रक्त काढलं. नमुना बाहेरच्या राज्यातल्या मोठ्या लॅबमध्ये जाणार होता. "काका, तोवर हिच्याजवळ हातमोजे-मास्कशिवाय जायचं नाही. बाकीची जनावरं लांब बांधा," त्यांनी सांगितलं. ह्यांनी मान हलवली. त्यांची गाडी वळेपर्यंत हे मास्क काढून शेडमध्ये गेले होते.

पंधरा-सोळा दिवस आम्ही वाट बघितली. रेड्याला दुसऱ्या टोकाला बांधलं. तो दिवसभर हंबरायचा आणि घोडी शेडमधून उत्तर द्यायची. हळूहळू तिचं उत्तर बारीक होत गेलं. ठाकरवाडीतली बाई येईनाशी झाली. तिच्या वाडीने सांगितलं होतं, तिकडे जायचं नाही. मीच रोज पावसाळी कोट घालून शेण भरायचे, वैरण टाकायचे. हे माझ्याशी भांडले नाहीत. जेवायला बसायचे, वाढलं तेवढं खायचे, उठायचे. मुलगी फोनवर रडायची, "बाबांना तिथून घेऊन निघ आई," म्हणायची. बाबा निघणार नव्हते.

पहिला रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. नियमाप्रमाणे पुन्हा रक्त घेतलं. तेव्हा ह्यांना आशा आली. "लॅबमध्ये चुका होतात," मला म्हणाले. "तूच सांगायचीस. एकदा तुमची अख्खी बॅच फेकायला काढली होती आणि चूक निघाली मशीनची."

"दोनदा होत नाहीत," मी म्हटलं.

असं बोलायला नको होतं. तीस वर्षं मी कागदावर पास-नापास लिहून सह्या केल्या, आणि आकड्यापुढे माणसाने गप्प बसायचं असतं अशी माझी सवय. त्यांना आकडा नको होता. दोन-चार दिवस आशा धरून बसायचं होतं, आणि तेवढंही मी दिलं नाही. दुसरा रिपोर्टही तसाच आला.

ठरलेल्या दिवशी सकाळी जेसीबी आला. मागच्या कुंपणाजवळ, विहिरीपासून लांब, खड्डा खणायला लागला. ग्रामपंचायतीचा एक माणूस आला, दवाखान्यातले दोघं आले, चुन्याच्या गोण्या उतरल्या. कुत्र्यांना मी खोलीत कोंडलं होतं, ते दाराला नखं घासत होते. डॉक्टर ह्यांना म्हणाल्या, "काका, तुम्ही आत थांबलात तरी चालेल. आमची माणसं आणतील तिला."

"तुमच्या माणसांबरोबर ती येणार नाही," हे म्हणाले.

त्यांनी स्वतः तिला बाहेर काढलं. ती फार वाळली होती. बरगड्या दिसत होत्या, गुलाबी रंग तर केव्हाच निघून गेला होता, पण मान तिने वर केली. बऱ्याच दिवसांनी ऊन अंगावर आलं म्हणून असेल. शेडपासून खड्ड्यापर्यंत शंभर पावलं असतील. ती पाय टाकायची, थांबायची. हे थांबायचे. घाई कुणी केली नाही. खड्ड्याच्या कडेला ह्यांनी तिचं डोकं छातीशी धरलं आणि डॉक्टरांनी पहिलं इंजेक्शन दिलं, गुंगीचं. "सॉरी काका," त्या दोनदा म्हणाल्या. घोडी आधी पुढच्या गुडघ्यांवर आली, मग कुशीवर. हे तिच्याबरोबर खाली बसले. दुसरं इंजेक्शन दिल्यावर डॉक्टर स्टेथोस्कोप लावून बराच वेळ वाकून राहिल्या.

मी चुलीपाशी उभी होते. जवळ गेले नाही. मला जवळ जायचा हक्क आहे असं वाटलं नाही.

चुना टाकला, माती टाकली. शेडमधलं गवत, तिची दोरी, खरारा, ह्यांचा स्वेटर, सगळं एकत्र जाळलं. दवाखान्याच्या माणसांनी जमिनीवर, भिंतींवर औषध फवारलं. दुपारी दोनपर्यंत सगळे गेले. रेड्याने दिवसभर आवाज केला नाही. संध्याकाळी मी सोडल्यावर तो थेट त्या ताज्या मातीपर्यंत गेला, वास घेतला आणि माघारी फिरून चिकूखाली जाऊन उभा राहिला. आमचं दोघांचं रक्त तपासलं, खोकल्याचीही तपासणी झाली. काही निघालं नाही. खोकला साधा होता.

इथंच संपलं असतं तर एक वेळ मी सावरले असते. पण डॉक्टरांनी विचारलं होतं, घोडी आली कुठून? मी पत्ता सांगितला. हा रोग जनावराच्या अंगात वर्षं-वर्षं दबून राहू शकतो, म्हणून तिच्या जुन्या जागीही तपासणी झाली. उल्हासनगरला त्या माणसाची दुसरी घोडी होती ना, तरणी. वरवर धडधाकट, आदल्या आठवड्यातही वरातीत नाचलेली. तिचंही रक्त वाईट निघालं, दोन्ही वेळा.

महिन्याभराने त्याचा फोन आला. मी धरला.

"मॅडम, मेरी वाली को भी ले गए."

मी म्हटलं, "आम्हाला माहीत नव्हतं हो."

"माहीत कुणाला असतं." त्याने विचारलं, "फोन तुम्ही केला होता ना?"

"हो."

"हां. ठीक है. करना पडता है." मग म्हणाला, "एक विचारू? भट्टीवर दिली असती तर कुणाला समजलं असतं का?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. खरोखर विचारत होता. मी म्हटलं, "नाही. कुणाला समजलं नसतं." तो आता कुठल्याशा फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचं काम करतो, असं त्यानेच सांगितलं. लहानपणापासून घोड्यांत वाढलेला माणूस. त्याने फोन ठेवला, मी तिथंच पायरीवर बसले. त्याची घोडी आजारी होती, ती दुसऱ्या घोड्यांना, माणसांना रोग देऊ शकली असती, हे सगळं मला कळतं. तरी त्याच्या दारातली रिकामी जागा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही, आणि ती मी कधी बघितलेलीसुद्धा नाही.

ह्यांना मी त्या फोनचं दोन दिवसांनी सांगितलं. त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "तू केलंस ते बरोबरच होतं." एवढंच. तोपर्यंत मी रोज वाट बघत होते की हे कधी तरी भांडतील, मला टाकून बोलतील, आणि मग मला रडता येईल. ते वाक्य ऐकल्यावर कळलं की आता ते कधीच भांडणार नाहीत.

शेडमध्ये ते पुन्हा गेले नाहीत. कुत्रे अंगावर आले की त्यांना हळूच बाजूला करायचे. दिवसभर खुर्ची टाकून बसायचे, गेटकडेही नाही आणि मागच्या कुंपणाकडेही नाही, मधेच कुठे तरी बघत. एप्रिलच्या उन्हात एक दिवस म्हणाले, "मी बेलवलीला जाऊन राहू का थोडे दिवस?" परवानगी मागितल्यासारखं. मी डबा भरून दिला. थोडे दिवस म्हणाले ते अजून तिथंच आहेत. सकाळी नदीच्या बाजूला चक्कर मारतात, दुपारी टीव्ही लावतात. मी दर दोन-तीन दिवसांनी जाऊन भाजी-पोळी करून येते. घरात शिरले की माझ्या कपड्यांना जनावरांचा वास येतो, तो त्यांना येऊ नये म्हणून मी आधी न्हाणीघरात जाते.

आणि ज्या मला हे काहीच नको होतं ती मी इथं आहे. आंधळी कुत्री मेली. नव्या पट्ट्याची ती पावसाळ्याच्या तोंडाशी मेली, झोपेतच. सात कुत्रे उरले. रेडा आता एवढा झालाय की माझ्याने त्याची दोरी धरवत नाही. तो थांबतो म्हणून मी त्याला धरलंय असं म्हणायचं. गेटवर खोके अजून येतात. रोगाचं ऐकून गावातली माणसं आमच्या रस्त्याने यायची बंद झाली, पण सोसायट्यांपर्यंत ती बातमी गेली नाही. एका खोक्यात चार पिल्लं होती. मी त्यांना खायला घातलं, रिक्षाने हेंद्रेपाड्यातल्या एका ओळखीच्या दुकानदाराकडे घेऊन गेले, तिथून दोन कुणी तरी नेली. उरलेल्या दोघांचं नंतर काय झालं ते मी विचारलं नाही. पूर्वी ह्यांनी विचारलं असतं.

जागा विकायची असं आता ठरलंय. मुलगी म्हणाली, हे हो म्हणाले, मीही हो म्हटलं. डोंबिवलीचं एक जोडपं बघून गेलं. त्यांना कलमं आवडली. मागच्या कुंपणाजवळ गवत का उगवलं नाही असं त्या बाईंनी विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. तरी त्यांना जागा हवी आहे. जाताना तिच्या नवऱ्याने विचारलं, "जनावरं तुम्ही काढणार ना?"

"काढू," मी म्हटलं.

काढू म्हणजे कुठे? ठाणे, कल्याण, पनवेल, जिथं जिथं जनावरं ठेवतात असं कळलं तिथं सगळीकडे फोन केले. चांगली माणसं आहेत, नीट बोलतात. जागा नाही म्हणतात. एकीकडे मला सांगितलं, "ताई, आम्हालाच लोक गेटवर आणून सोडतात." मला ते पटलं. मी फोन ठेवला.

पावसाळा सरल्यावर ठाकरवाडीतली बाई परत यायला लागलीय. शेडच्या दाराशी अजून थांबते, आत पाय टाकत नाही. परवा आम्ही दोघी पायरीवर बसलो होतो. तिला विकायचं कळलं होतं.

"बाय, कुत्री तीन मी नेते," ती म्हणाली. "तीन पायांचा नेते, आनि त्या दोन काळ्या. शेळ्यांजवळ बसतील."

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांना खाया कुठून घालू?" मग रेड्याकडे बघून म्हणाली, "ह्याला तर कोनी नेनार नाय. नेनारा एकच."

कोण ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नांगराला तो कधी जुंपला नाही, आणि आता इथं नांगर धरतो तरी कोण. ती उठली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "कधी पाठवाचा ते तुमीच ठरवा. पन तुमी स्वतः जाऊ नका संगती, साहेबावानी."

तिने तीन पायांच्या कुत्र्याला हाक मारली. तो गेला तिच्यामागून, वळून न बघता, चढ चढायला जरा वेळ लागला त्याला. दोन काळ्या त्याच्यामागे गेल्या.

आता चार कुत्रे आणि रेडा आहे. जागेचा व्यवहार होळीच्या आत करायचा आहे. रेड्याला संध्याकाळची वैरण टाकायची राहिली होती, ती टाकून आले.